समीकरणातला समुद्र

धारवाडच्या शाळेने समुद्राचा विचार कशासाठी करावा, असे कोणी विचारील तर त्याचे उत्तर भूगोलाच्या नकाशातच आहे. सोमेश्वराच्या देवळाजवळ उगम पावणारी आपली शाल्मला पुढे बेडतीस मिळते. बेडती मागोडच्या कड्यावरून उडी घेते आणि गंगावळी हे नाव धारण करून अंकोला तालुक्यात अरबी समुद्रास जाऊन मिळते. वाटेतल्या खडकांतील सिलिका, शेतांतील खत आणि, सांगावयास संकोच वाटतो, गावाचे सांडपाणीही ती आपल्याबरोबर नेते. समुद्रातील अतिसूक्ष्म वनस्पतींचे हे खाद्य होय. त्या वनस्पतींवर सूक्ष्म प्राणी जगतात, त्या दोहोंवर तारली आणि बांगडा जगतात, आणि येल्लापूरच्या वाटेने बर्फात घालून हुबळीच्या बाजारात येतात. म्हणजे आपण इथून जे पाठवितो त्याची पोच आपणांस टोपलीतून मिळत असते. आमच्यासारख्या कोंकणी घरांत ही पोच फार बारकाईने वाचली जाते, हा भाग वेगळा!

पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या या सूक्ष्म जीवांस १८८७ साली व्हिक्टर हेन्सेन या जर्मन शास्त्रज्ञाने ‘प्लँक्टन’ असे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ भटकणारा. आपण ‘प्लवक’ म्हणतो; तरंगणे या अर्थाच्या ‘प्लु’ धातूपासून तो शब्द आला आहे. वनस्पतिप्लवक आणि प्राणिप्लवक असे त्याचे दोन ठळक भाग. पृथ्वीवर सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने जेवढे अन्न तयार होते, त्यातील जवळजवळ अर्धे हे सागरी वनस्पतिप्लवक करते असे मानतात. सह्याद्रीतील सगळी अरण्ये ज्यांना दिसतात, त्यांना समुद्रातील हे अरण्य दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

जे दिसत नाही त्याचा हिशेब कसा मांडावा? येथे गणिती प्रतिमानाचा, म्हणजे ज्याला आपण सर्वजण ‘मॉडेल’ म्हणतो त्याचा, प्रवेश होतो. विद्यार्थ्यांच्या मनात मॉडेल म्हटले की विज्ञान-प्रदर्शनातील थर्मोकोलचा ज्वालामुखी उभा राहतो. तो येथे अभिप्रेत नाही. येथले प्रतिमान म्हणजे काही समीकरणांचा समूह: किती उपजले, किती खाल्ले गेले, किती बुडाले, किती उरले. आम्ही कलाशाखेचे पदवीधर आहोत, समीकरणांशी आमचा फारसा घरोबा नाही. तरीही आमचे मत असे की, हे प्रतिमान शाळेत शिकवावे. मात्र भविष्य सांगणारे यंत्र म्हणून शिकवू नये आणि शास्त्रज्ञांचे खेळणे म्हणून त्याची हेटाळणीही करू नये. प्रतिमान हे एक स्पष्ट विधान आहे. ते इतके स्पष्ट असते की ते चूक असल्यास पकडता येते. मोघम बोलणाऱ्यास ही सोय नसते.

एक साधा हिशेब करून पाहू. आकडे कल्पित आहेत, रीत खरी आहे. एका वनस्पतिपेशीच्या दर दिवसाला दोन पेशी होतात असे धरा. कोणी खाल्लेच नाही तर तीस दिवसांत एकीच्या १०७ कोटींहून अधिक पेशी होतील आणि समुद्राची हिरवी पेज होईल. तशी ती होत नाही, त्या अर्थी कोणीतरी खात आहे. समजा, १०० पेशींच्या दिवसभरात २०० झाल्या, त्यांतील ८५ प्राण्यांनी खाल्ल्या, १० तळाकडे बुडाल्या. उरल्या १०५. हेच प्रमाण महिनाभर टिकले तर १०० च्या जागी सुमारे ४३२ पेशी दिसतील. आता खाणाऱ्यांनी ८५ ऐवजी ९५ खाल्ल्या असे धरा. उरतात ९५, आणि महिनाअखेर १०० च्या जागी जेमतेम २१ राहतात. दोनशेंतील दहा पेशींचा फरक. पण एकीकडे समुद्र हिरवा आणि दुसरीकडे ओसाड! ज्याने महिनाअखेर फक्त एक बादली पाणी काढून पेशी मोजल्या, त्याला ‘वनस्पती कमी आहेत’ एवढेच कळले. त्या कमी उपजल्या की उपजूनही फस्त झाल्या, हे त्याला बादली सांगणार नाही. वाण्याच्या गल्ल्यातील संध्याकाळची शिल्लक पाहून दिवसाची उलाढाल समजत नाही, तसेच हे आहे.

या रीतीचा उगम एका युद्धाशी जोडलेला आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात एड्रियाटिक समुद्रात मासेमारी बरीच थंडावली. त्रिएस्ते, फ्यूमे आणि व्हेनिस येथल्या मासळीबाजारांच्या नोंदी पाहताना उंबेर्तो दानकोना या इटालियन प्राणिशास्त्रज्ञाला असे आढळले की, त्या वर्षांत एकंदर मासळीत मुशीसारख्या शिकारी माशांचे प्रमाण वाढले होते. मनुष्याने मासे मारणे कमी केले तर सर्वच जाती सारख्या वाढावयास हव्यात, शिकारीच अधिक का वाढाव्या? हा पेच त्याने व्हीतो व्होल्तेरा या गणितज्ञापुढे ठेवला आणि १९२६ साली व्होल्तेराने त्याची समीकरणे प्रसिद्ध केली. अमेरिकेत आल्फ्रेड लोटका याने १९२५ सालीच स्वतंत्रपणे तशीच समीकरणे मांडली होती. विद्यार्थी मित्रहो, यात लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, आरंभी कोणाच्या हाती संगणक नव्हता. होती ती बाजारातील कारकुनांनी नियमाने लिहिलेली वही.

पुढे १९४६ साली गॉर्डन रायली याने अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळील जॉर्जेस बँक या उथळ भागातील वनस्पतिप्लवकाचे वर्षभराचे चढउतार कागदावर मांडून दाखविले. प्रकाश किती, पाणी किती खोलवर घुसळले जाते, फॉस्फेट किती, खाणारे प्राणी किती, एवढ्यावरून त्याने वक्र काढला आणि तो प्रत्यक्ष मोजणीशी पुष्कळ अंशी जुळला. १९९० साली फॅशम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बर्म्युडाजवळच्या समुद्रासाठी सात कप्प्यांचे प्रतिमान रचले: वनस्पती, प्राणी, जिवाणू, नायट्रेट, अमोनियम, विरघळलेले सेंद्रिय द्रव्य आणि कुजणारा गाळसाळ. नायट्रोजनचा अणू एका कप्प्यातून दुसऱ्यात कसा फिरतो, याचा तो जमाखर्च होता. आज जगभर जी मोठमोठी प्रतिमाने संगणकावर चालतात, त्यांतील बरीचशी याच घराण्यातील आहेत.

आता आपल्या समुद्राकडे येऊ. अरबी समुद्र हा प्रतिमानकारांची परीक्षा पाहणारा समुद्र आहे, कारण येथे वारा वर्षातून दोनदा दिशा बदलतो. नैऋत्य मोसमी वाऱ्यांत सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याशी, आणि कमी प्रमाणात आपल्याही किनाऱ्याशी, खोल पाणी खतासह वर येते. हिवाळ्यात ईशान्येकडील कोरडे वारे उत्तरेकडचे पृष्ठजल थंड करतात. ते जड होऊन खाली बसते आणि खालचे खतयुक्त पाणी वर मिसळते. ही दुसरी गोष्ट गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील मधुप्रताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात स्पष्ट केली. पण त्याच सुमारास एक कोडेही समोर आले. वनस्पतिप्लवक दोन मोसमांत भरते आणि मधल्या काळात ओसरते. परंतु पृष्ठजलातील प्राणिप्लवकाचे प्रमाण मात्र वर्षभर जवळजवळ सारखेच आढळते. मग मधल्या महिन्यांत हे प्राणी खातात काय? वनस्पती आणि प्राणी अशा दोनच कप्प्यांच्या प्रतिमानाला याचे उत्तर देता येत नाही, आणि देता येत नाही हेच त्याचे उपकार! उत्तर पुढे आले ते असे: पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यावर जिवाणू पोसतात, जिवाणूंना त्याहून थोडे मोठे एकपेशीय जीव खातात आणि त्यांना प्राणिप्लवक खाते. म्हणजे सुगीत उरलेले मुरवून ठेवण्याची समुद्रातही सोय आहे. आमच्याकडे पावसाळ्यासाठी सुके बांगडे भरून ठेवतात, त्यापेक्षा ही व्यवस्था पुष्कळ जुनी आहे.

आता ज्या वादामुळे हा लेख लिहावासा वाटला तो सांगतो. २००५ साली जोआकिम गोएस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात असे प्रतिपादन केले की, १९९७ पासूनच्या उपग्रह-नोंदींप्रमाणे पश्चिम अरबी समुद्रात उन्हाळी मोसमातील वनस्पतिप्लवक किनाऱ्यालगत ३५० टक्क्यांहून अधिक वाढले आहे. हे गोएस पूर्वी गोव्याच्या संस्थेत काम करीत. युरोप-आशियातील बर्फ कमी झाल्याने भूमी अधिक तापते, मोसमी वारे जोर धरतात आणि खोल पाणी अधिक वर येते, अशी त्यांची उपपत्ती. २००७ साली अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील प्रकाश आणि रमेश यांनी ‘करंट सायन्स’मध्ये अरबी समुद्र खरोखरच अधिक सुपीक होत आहे काय, असा प्रश्नच उपस्थित केला. आणि २०१६ साली पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने नेमके उलट सांगितले: पश्चिम हिंदी महासागरातील वनस्पतिप्लवक गेल्या सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटले आहे. कारण, पृष्ठभाग झपाट्याने तापत आहे. गरम पाणी हलके होऊन वर झाकणासारखे बसते आणि खालचे खत वर येऊ देत नाही.

एक म्हणतो वाढले, दुसरा म्हणतो घटले. हे वाचून ‘शास्त्रज्ञ काय, काहीही सांगतात’ असे म्हणणारे सुशिक्षित आमच्या परिचयात आहेत, आणि त्यांची संख्या लहान नाही. आम्हांस हे म्हणणे आळसाचे वाटते. दोन्ही पक्षांनी आपापली कारणसाखळी उघड्यावर मांडली आहे: एकाने वाऱ्याचा जोर पुढे केला, दुसऱ्याने पाण्याचे थर. दोन्हीही गोष्टी मोजता येतात. पहिल्या निष्कर्षामागे अवघ्या सात वर्षांच्या नोंदी होत्या. पावसाचेही सात वर्षांचे आकडे पाहून शहाणा शेतकरी निष्कर्ष काढीत नाही. दुसऱ्या गटाला सहा दशके मागे जावयाचे होते. पण समुद्राचा रंग सतत पाहणारे उपग्रह तितके जुने नाहीत, म्हणून उपग्रहाच्या नोंदींबरोबर त्यांना प्रतिमानांचाच आधार घ्यावा लागला. आमचा कल दुसऱ्या बाजूकडे आहे, कारण त्यांचा काळ लांब आहे. पण प्रतिमानाच्या आधारावर काढलेला टक्का आणि बादलीतून मोजलेला टक्का यांचे वजन सारखे नाही, हे त्या बाजूनेही विसरू नये.

तिकडे किनाऱ्यावर हा वाद पोटाशी येऊन भिडतो. १९५५ साली नायर आणि सुब्रह्मण्यन यांनी दाखविले होते की, फ्रॅजिलेरिया ओशियानिका या करंडकाची, म्हणजे काचेसारख्या कवचाच्या डायाटमची, विपुलता ही तारलीच्या विपुलतेची खूण आहे. त्यांच्या हाती सूक्ष्मदर्शक होता आणि माशांची पोटे होती. केरळात २०१२ साली तारलीची मासळी सुमारे ३.९ लाख टन उतरली होती. २०२१ साली ती साडेतीन हजार टनांहूनही कमी भरली. या एका आकड्यामागे किती चुली आहेत, याचा विचार ज्याने त्याने करावा. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था उपग्रहाने टिपलेल्या पाण्याच्या रंगावरून आणि तापमानावरून मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे ते मच्छीमारांस कळविते. सोय उत्तम आहे. परंतु मोसमी पावसात आकाश झाकलेले असते, तेव्हा उपग्रहाला पाण्याचा रंग दिसत नाही. आणि १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. ज्या महिन्यांत आपल्या किनाऱ्याशी खोल पाणी वर येते आणि समुद्र सर्वांत जोमाने उपजतो, नेमके तेव्हा वरून डोळा मिटलेला आणि खालून होडी किनाऱ्यावर ओढलेली! त्या अंधारात चाचपडण्यास प्रतिमानावाचून दुसरी काठी नाही. हेटाळणी करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

आणि भक्तांसाठीही एक उदाहरण आहे. नॉक्टिल्युका नावाचा एक एकपेशीय जीव आहे. रात्री लाटांत निळसर उजेड पाडणारा म्हणून त्याची ख्याती. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पूर्वी डायाटमांचा बहर येई. चालू शतकाच्या आरंभापासून तेथे हिरव्या नॉक्टिल्युकाचे अफाट तवंग दिसू लागले. २०१४ साली हेल्गा गोम्स, गोएस, प्रभु मातोंडकर आदींनी याचा संबंध पाण्यातील प्राणवायू कमी होण्याशी जोडला. गंमत अशी की, या जीवाच्या पोटात हजारो हिरव्या पेशी जिवंत राहतात आणि त्याला अन्न करून देतात. शिवाय तो स्वतः डायाटमही गिळतो. मग त्याला प्रतिमानातील कोणत्या कप्प्यात बसवावयाचे? तो वनस्पतीही आहे आणि प्राणीही आहे. त्याला खाणारेही निराळे, मुख्यत्वे साल्प आणि जेलीफिशसारखे लिबलिबीत जीव. तारलीच्या ताटात त्यातून फारसे पडत नाही. दोन कप्प्यांचे प्रतिमान येथे ‘वनस्पती भरपूर’ असे समाधानाने सांगेल, आणि जाळे रिकामे येईल.

नॉक्टिल्युका आला आहे हे प्रथम कोणाला कळले? बोटीवरून पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्याला. १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. अनेक देशांच्या बोटींनी एकाच मापाच्या जाळ्यांनी प्लवक गोळा केले आणि ते नमुने कोचीनच्या केंद्रात आले. तेथे माणसांनी बसून ते जातवार वेचले. त्या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, डॉ. एन. के. पणिक्कर हे तिचे पहिले संचालक. याच संस्थेचे लोक गोव्यात कांदोळीसमोर ठरलेल्या जागी वर्षानुवर्षे जाऊन पाणी, प्राणवायू आणि प्लवक तपासत आले आहेत. हे काम वर्तमानपत्रांत फारसे येत नाही. संगणकावर रंगीत नकाशा काढणाऱ्या तरुणास आज चटकन वाहवा मिळते. एका थेंबातील चाळीस डायाटम नावानिशी ओळखणाऱ्यास ती क्वचितच मिळते. आमच्या मते हा व्यवहार उलटा आहे, निदान बरोबरीचा तरी असावयास हवा. धारवाडच्या आपल्या कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्राचा विभाग कारवारास कोडीबाग येथे आहे. आपल्या मुलांपैकी किती जणांस हे ठाऊक असते? अभियांत्रिकी महाविद्यालयांची यादी मात्र पालकांस तोंडपाठ असते.

शाळेकडून आम्ही फार मागत नाही. समुद्र येथे नाही, पण हुबळीस उणकलचे तळे आहे, धारवाडास केळगेरी आणि साधनकेरी आहेत. गोड्या पाण्यातही प्लवक असते आणि त्याचा हिशेबही हाच. आठवीच्या मुलांनी शिक्षकांसमवेत दर शनिवारी एकाच जागेचे बाटलीभर पाणी आणावे, त्यात आयोडीनचे थेंब टाकून ते रात्रभर निवू द्यावे, आणि तळाशी बसलेल्यातील एक थेंब शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरून मोजावे. हे पुष्कळ शाळांत होतही असेल. आमची सूचना त्याच्या आधीच्या क्षणाविषयी आहे. पाणी आणण्यापूर्वी, शुक्रवारीच, वर्गाने गेल्या आठवड्याचा आकडा, मधला पाऊस आणि ऊन पाहून या आठवड्याचा आकडा काय येईल ते कारणासह लिहावे. शनिवारी मोजणी शेजारी लिहावी. दोहोंत अंतर पडेल तेथे गुण कापू नयेत. उलट ते अंतर का पडले यावरच एक तास द्यावा. आपल्या परीक्षापद्धतीत उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेले असते, आणि ते न जुळणे हा अपराध असतो. तळ्याच्या पाण्याचे उत्तर कोठेही छापलेले नाही.

काही सहकारी म्हणतात, अभ्यासक्रमच पुरा होत नाही, त्यात हे कोठे बसवावे? गणिताच्या शिक्षकांनी टक्केवारीची उदाहरणे यातून घ्यावी, भूगोलाच्या शिक्षकांनी पाऊस घ्यावा, आणि भाषेच्या शिक्षकांनी, म्हणजे आम्ही, ती ‘कारणे’ शुद्ध मराठीत लिहून घ्यावी. नफा-तोट्याची तीच ती गणिते, ज्यांत व्यापारी नेहमी आंबेच विकतो, थोडी कमी केली तर अभ्यासक्रमाचे काही बिघडणार नाही.

आरंभ जूनमध्ये, शाळा नुकतीच भरलेली असताना करावा; पहिल्या पावसाने तळ्यात माती आणि खत उतरते आणि आकडे लवकर हलू लागतात. वही जाड पुठ्ठ्याची असावी, दोन रकान्यांची. डावीकडे अंदाज, उजवीकडे मोजणी. अंदाज शाईने लिहावा, शिसपेनने नव्हे.